स्थानकापासून दहा मिनिटे, कायद्यापासून किती दूर?

स्थानकापासून दहा मिनिटे, शाळा-रुग्णालय हाकेच्या अंतरावर, प्रस्तावित मेट्रो दारातून. कल्याण, डोंबिवली, वसई, विरार या पट्ट्यातील कोणत्याही गृहप्रकल्पाची जाहिरात पाहिली तरी मजकूर साधारण हाच असतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीयाला मुंबईत घर घेणे आवाक्याबाहेरचे झाले, त्याला आता बराच काळ लोटला. दोन शयनगृहांची सदनिका, त्यातील एक खोली मुलांसाठी किंवा गावाहून येणाऱ्या आई-वडिलांसाठी, एवढे साधे स्वप्न घेऊन तो लोकलच्या नकाशावर एकेक स्थानक मागे सरकत जातो. जेथे त्याचा पगार आणि घराची किंमत यांचा कसाबसा मेळ बसतो, तेथे तो थांबतो. त्या ठिकाणाला जाहिरातीच्या भाषेत ‘वेल कनेक्टेड’ उपनगर म्हणतात.

मात्र गेल्या काही वर्षांत याच उपनगरांतून आलेल्या बातम्या पाहिल्या, तर एक वेगळाच प्रश्न समोर उभा राहतो. घर रेल्वेला जोडलेले आहे, रस्त्याला जोडलेले आहे. पण ते ज्या जमिनीवर उभे आहे त्या जमिनीशी, महापालिकेच्या परवानगीशी आणि कायद्याशी ते जोडलेले आहे काय? कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणाने या प्रश्नाचे गांभीर्य हजारो कुटुंबांच्या पदरी घातले.

रेल्वेने घडविलेले शहर

बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. येथून एक फाटा कसाऱ्याकडे, तर दुसरा कर्जतकडे जातो. उत्तर व पूर्व भारताकडून येणाऱ्या कित्येक गाड्या कल्याणला थांबतात. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस त्यांपैकीच एक. कचारगडच्या डोंगराजवळच्या दरेकसा स्थानकातून गेलेला हावडा मार्गही अखेर येथूनच मुंबईत शिरतो. कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ अशा सर्व बाजूंनी पोटासाठी आलेल्या माणसांनी हे शहर वाढविले.

या तपशिलाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. गावात घर घेणाऱ्याला शेजारची जमीन कोणाची, तिचा वाद कोणाशी, तळे कोठे होते आणि गायरान कोठे, हे सारे ठाऊक असते. बाहेरून शहरात आलेल्याला यातले काहीच माहीत नसते. कोणता भूखंड सरकारी आहे, कोणत्या जागेवर उद्यानाचे आरक्षण आहे, हे त्याला कोणी सांगणारे नसते. त्याचा सारा भरवसा कागदांवर असतो. कागदच खोटे निघाले, तर त्याच्याकडे दुसरा आधार उरत नाही.

पासष्ट इमारतींचा धडा

कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत विकासकांनी बनावट बांधकाम परवानग्या तयार केल्याचे प्रकरण २०२२ मध्ये गाजू लागले. पालिकेचे बनावट शिक्के आणि अधिकाऱ्यांच्या खोट्या सह्या असलेली ही कागदपत्रे ‘महारेरा’च्या संकेतस्थळावर चढविण्यात आली आणि त्यांच्या आधारे प्रकल्पांची रीतसर नोंदणीही झाली. काही इमारती तर सरकारी किंवा आरक्षित जमिनीवर उभ्या असल्याचे पुढे आले. पालिकेने पोलिसांत तक्रारी दिल्या, ठाणे पोलिसांनी विशेष तपास पथक नेमले आणि जनहित याचिकेद्वारे विषय मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचे आदेश दिले.

आदेश निघाला तेव्हा यांतील अनेक इमारतींत माणसे राहत होती. स्वयंपाकघरात गॅस होता, भिंतीवर देव होते, मुलांची नावे जवळच्या शाळांत होती. बहुतेकांनी करार नोंदविला होता, मुद्रांक शुल्क भरले होते, अनेकांनी बँकेचे कर्ज घेतले होते. २०२५ च्या प्रारंभी हे रहिवासी रस्त्यावर उतरले. कोणालाही बेघर होऊ देणार नाही, अशी आश्वासने राज्यकर्त्यांकडून देण्यात आली. तथापि, आश्वासनाने बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही आणि घराचा हप्ता थांबत नाही.

या रहिवाशांना बेसावध किंवा लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः सामान्य ग्राहकाकडून जी खबरदारी अपेक्षित असते, ती यांतील अनेकांनी घेतली होती. प्रकल्पाला ‘महारेरा’ क्रमांक आहे की नाही, हे त्यांनी पाहिले होते. क्रमांक खरा होता. तो ज्या परवानगीवर दिला गेला, ती खोटी होती.

शिक्के अनेक, जबाबदारी कोणाचीच नाही

सदनिकेच्या खरेदीत निदान चार-पाच यंत्रणांचा संबंध येतो. प्रत्येकीचा शिक्का ग्राहकाला धीर देतो. पण प्रत्येक शिक्क्याचा अर्थ काय, हे बारकाईने पाहिले की त्यातील पोकळी दिसू लागते.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात करारनामा नोंदविला जातो. हे कार्यालय दस्ताची नोंद करते, शुल्क घेते. विकणाऱ्याची मालकी निर्वेध आहे किंवा इमारत अधिकृत आहे, असे प्रमाणपत्र ते देत नाही. दस्त नोंदणीकृत आहे, म्हणजे घर अधिकृत आहे, ही सर्वसामान्य समजूत म्हणूनच चुकीची ठरते.

बँक आपल्या वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा शोध घेते, मूल्यांकन करून घेते. हा शोध बँकेने आपल्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेला असतो. उद्या इमारतीवर हातोडा पडला, तरी कर्जदाराची परतफेडीची वैयक्तिक जबाबदारी संपत नाही. बँकेने कर्ज दिले म्हणजे कागदपत्रे चोख असणारच, हा समज अनेकांना महागात पडला आहे.

महापालिका मालमत्ता कर आकारते. पण कर भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. राज्याच्या महापालिका अधिनियमात तर बेकायदा बांधकामावर दुप्पट कराइतकी शास्ती लावण्याची तरतूद आहे. म्हणजे इमारत बेकायदा आहे हे पालिकेला ठाऊक असते, तिच्याकडून कर आणि दंड दोन्ही घेतले जातात आणि तरीही ती बेकायदाच राहते. घरात राहणाऱ्याच्या हाती मात्र पालिकेचे नाव छापलेली पावती असते आणि तो तिलाच पुरावा मानतो.

राहिला ‘महारेरा’. केंद्राचा स्थावर संपदा कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि महाराष्ट्रात नियामक प्राधिकरणाचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. कायद्याने प्राधिकरणाला नोंदणीच्या अर्जावर ३० दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. न घेतल्यास प्रकल्प नोंदणीकृत मानला जातो. विकासकाने शपथपत्रासह सादर केलेली कागदपत्रे जनतेसमोर ठेवणे, हा या व्यवस्थेचा गाभा आहे. पारदर्शकता आणि पडताळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६५ इमारतींच्या प्रकरणात कागद पारदर्शकपणे उपलब्ध होते, पण ते खरे आहेत काय हे पालिकेला विचारले गेले नव्हते. २०२३ मध्ये ‘महारेरा’ने ही त्रुटी दूर करण्याचा प्रयत्न केला. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची खातरजमा संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून झाल्याशिवाय नोंदणी न देण्याचे धोरण तेव्हा स्वीकारण्यात आले. ज्यांची घरे आधीच घेऊन झाली होती, त्यांच्यासाठी हा शहाणपणा उशिराचा ठरला.

दुखणे जुनेच

बेकायदा बांधकामांचा प्रश्न कल्याण-डोंबिवलीला नवा नाही. न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या अग्यार समितीने या शहरात ६७ हजारांहून अधिक बेकायदा बांधकामे असल्याची नोंद केली होती. घनकचऱ्याची विल्हेवाट लावण्यात पालिका अपयशी ठरल्यामुळे एप्रिल २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने येथील नव्या बांधकाम परवानग्यांना स्थगिती दिली, ती सुमारे वर्षभर टिकली. शहर किती माणसे पोसू शकते याचा विचार न करता इमारती वाढत गेल्या, हेच न्यायालयाने त्या वेळी दाखवून दिले होते.

पश्चिम रेल्वेच्या टोकालाही चित्र वेगळे नाही. नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या पाडण्यात आल्या. येथे घर गमावणाऱ्यांत घरकामगार, रिक्षाचालक, लहान दुकानदार अशी माणसे मोठ्या संख्येने होती. आरक्षित जमिनीवर एक इमारत रातोरात उभी राहते, असे क्षणभर मान्य केले, तरी ४१ इमारती कोणाच्याही नजरेस न पडता कशा उभ्या राहिल्या, याचे समाधानकारक उत्तर घर गमावलेल्यांना मिळालेले नाही.

कधी कधी प्रश्न पैशाच्या पलीकडे जातो. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाटा येथील ‘लकी कंपाउंड’मधील अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारमधील रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळली आणि १७ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही दुर्घटनांत बारा वर्षांचे अंतर आहे. चौकशी, अटका, सर्वेक्षणाचे आदेश आणि धोकादायक इमारतींच्या याद्या हा क्रम दोन्ही वेळा तोच होता.

हिशेब का चुकतो?

मग माणसे अशा इमारतींत घर घेतातच का? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. समजा, ठाणे जिल्ह्यातील उपनगरात एका नव्या, काम सुरू असलेल्या इमारतीतील दोन शयनगृहांच्या सदनिकेची किंमत ६० लाख रुपये आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्के ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे कर्ज ४८ लाख आणि स्वतःचे १२ लाख. त्यावर सुमारे सात टक्के दराने चार लाख २० हजार मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी शुल्क आणि पाच टक्के दराने तीन लाख वस्तू व सेवा कर. मर्यादेपलीकडच्या या रकमेसाठी बँक सहसा कर्ज देत नाही. घरात पाऊल ठेवण्याआधीच साडेएकोणीस लाख रुपये रोख उभे करावे लागतात.

४८ लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता ४१ हजार ६०० रुपयांच्या घरात जातो. २० वर्षांत बँकेला परत केलेली रक्कम एक कोटीच्या आसपास भरते. पती-पत्नी दोघांचाही पगार असल्याशिवाय हे गणित बहुतेकांना जमत नाही. अशा वेळी त्याच भागात, तेवढ्याच क्षेत्रफळाची सदनिका दहा-पंधरा लाखांनी स्वस्त मिळते आहे, असे दलालाने सांगितले की पाय अडखळतो. ती स्वस्त का आहे, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. कधी तो विचारलाही जातो. ‘सगळ्यांचे असेच आहे, पुढे नियमित होऊन जाईल’ हे उत्तर ठरलेले असते. वेळोवेळी जाहीर झालेल्या नियमितीकरणाच्या योजनांनी या उत्तराला बळ दिले आहे.

‘उत्तम दळणवळण’ या शब्दांचाही हिशेब मांडायला हवा. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो पाच मार्गाचे भूमिपूजन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणमध्ये झाले. त्या दिवसापासून ही मेट्रो येथील घरांच्या जाहिरातींत धावते आहे. २०२५ संपले तेव्हाही ती कल्याणला पोहोचलेली नव्हती. ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू होण्यासाठी प्रवाशांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. जून २०२५ मध्ये दिवा-मुंब्रा दरम्यान खचाखच भरलेल्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. स्थानकापासून दहा मिनिटांवर घर असले तरी गाडीत पाय ठेवायला जागा हवी, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. भविष्यातील मार्गाची किंमत ग्राहक आज मोजतो. मार्ग रखडला, तर ती परत मागण्याची सोय नाही.

कायदा बदलला, सवयी तशाच

गेल्या सहा दशकांत ग्राहकाच्या बाजूने काहीच घडले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सदनिकाधारकांच्या हक्कांसाठी महाराष्ट्राने १९६३ मध्येच स्वतंत्र कायदा केला. ‘मोफा’ या नावाने तो ओळखला जातो. विकासक जमिनीचे अभिहस्तांतरण करून देत नाहीत, या जुन्या तक्रारीवर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा उपाय दिला. इमारतीच्या तळमजल्यावरील मोकळी वाहनतळाची जागा सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. ‘रेरा’ कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली. ‘सुपर बिल्टअप’च्या नावाखाली जिना आणि लॉबीचेही पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला त्यामुळे घराच्या आतले खरे क्षेत्रफळ कळू लागले. नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला मनाई आहे. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक आहे. बांधकामातील दोष पाच वर्षांपर्यंत विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारीही त्याच्यावर आहे.

१७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात निकाल देताना अनधिकृत बांधकामांबाबत देशभरासाठी निर्देश दिले. बांधकाम पूर्णत्वाचे किंवा भोगवटा प्रमाणपत्र तपासल्यानंतरच बँकांनी इमारतीवर कर्ज मंजूर करावे, वीज-पाण्याची जोडणीही या प्रमाणपत्रानंतरच द्यावी आणि चुकीची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी, असे त्यांत म्हटले आहे. हे निर्देश मनापासून अमलात आले, तर बेकायदा इमारतीला जगविणारा प्राणवायूच बंद होईल. मात्र कल्याणपासून विरारपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतींत नांदणाऱ्या संसारांची संख्या पाहता, हे निर्देश अमलात आणण्याची इच्छाशक्ती स्थानिक यंत्रणा दाखवितील काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

तोवर ग्राहकाला स्वतःच्या पायांवर भरवसा ठेवावा लागणार आहे. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत ‘क्यूआर कोड’ सक्तीचा आहे. तो पडताळावा, पण तेथे थांबू नये. संकेतस्थळावरील परवानगीचा क्रमांक घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जावे आणि तो तेथील दप्तरात आहे काय, हे विचारावे. गरज पडल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः काढावी, विकास आराखड्यात त्या भूखंडावर आरक्षण आहे काय हे पाहावे. मालकीचा शोध बँकेच्या वकिलावर न सोपविता स्वतंत्र वकिलाकडून घ्यावा. त्याचे शुल्क साठ लाखांच्या खरेदीत नगण्य असते. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. जुनी सदनिका असेल तर पहिल्या करारापासूनची सारी साखळी, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र आणि अभिहस्तांतरण झाले आहे की नाही, हे तपासावे. पाण्याची जोडणी पालिकेची आहे की टँकरवर मदार आहे, हे विक्री कार्यालयात विचारण्यापेक्षा शेजारच्या इमारतीत विचारलेले बरे. घोडबंदर रस्ता किंवा कल्याणलगतच्या २७ गावांतील रहिवाशांना या प्रश्नाचे मोल सांगावे लागत नाही.

असे असले तरी सारा भार ग्राहकावर टाकून शासनाला हात झटकता येणार नाहीत. पगारदार माणसाने नगररचनाकार, वकील आणि गुप्तहेर अशा तिन्ही भूमिका बजावाव्यात, ही अपेक्षाच मुळात गैर आहे. परवानगी पालिकेच्या संगणकात आहे, मालकी भूमिअभिलेख विभागात आहे, दस्त नोंदणी विभागात आहे आणि प्रकल्प ‘महारेरा’कडे आहे. ही चारही दप्तरे एकाच राज्य सरकारच्या छत्राखाली नांदतात. परवानगीचा क्रमांक खरा नसेल तर दस्त नोंदविलाच जाणार नाही, एवढी जोडणी या दप्तरांमध्ये झाली, तर ६५ इमारतींसारखी फसवणूक पहिल्या सदनिकेच्या विक्रीलाच उघड होईल. मुद्रांक शुल्कापोटी ग्राहकाकडून लाखो रुपये घेणाऱ्या सरकारकडून एवढ्या सेवेची अपेक्षा ठेवणे वावगे म्हणता येणार नाही.

डोंबिवलीतील ज्या रहिवाशाच्या दारावर पालिकेची नोटीस लागली, त्याच्या कपाटात नोंदणीकृत करार आहे, मुद्रांक शुल्काची पावती आहे, बँकेचे मंजुरीपत्र आहे आणि ‘महारेरा’चा क्रमांकही आहे. यांतील एकही कागद त्याने घरी बसून तयार केलेला नाही. प्रत्येकाखाली कोणत्या ना कोणत्या यंत्रणेची सही आहे. इमारत पाडण्याची वेळ आली तेव्हा त्यांपैकी एकही यंत्रणा त्याच्या बाजूने उभी राहिली नाही आणि पुढच्या महिन्याचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला त्याच्याच खात्यातून वळता झाला.